रुमत्से ते कोरझोक, चौघं, घोड्यांशिवाय : सल्ला हवा

कातळकडा
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

आम्ही चौघं पुण्याचे, वय ३४ ते ४१. पंधरा वर्षं सह्याद्रीत भटकतोय. हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने केलाय, रतनगड-हरिश्चंद्रगड पाठीवर सगळं सामान घेऊन केलंय, त्यामुळे अगदीच नवखे नाही. ऑगस्टच्या शेवटी लडाखला जायचंय. हॉटेलवाल्या तंबूत नाही, आपापला तंबू घेऊन. रुमत्से गावाहून निघायचं, त्सो कार तळ्यावरून त्सो मोरीरी तळ्याकाठच्या कोरझोकला उतरायचं. पुणे ते पुणे ९ दिवस. पहिल्या दिवशी विमानाने लेह, दुसरा दिवस आराम, तिसऱ्या दिवशी रुमत्से आणि तिथून चालायला सुरुवात. लोक सात-आठ दिवस घेतात, आम्ही पाचात करू असं वाटतं. घोडे घेणार नाही. पाठीवर सतरा-अठरा किलो नेहमीच असतात.

प्रश्न :
१) आमच्याकडे पावसाळी तंबू आहेत, तेच चालतील का?
२) गॅसचे छोटे डबे की रॉकेलचा स्टोव्ह?
३) पाणी किती न्यावं?
४) पक्या (आमचा बल्लवाचार्य) दोन लिटरचा प्रेशर कुकर न्यायचा हट्ट धरून बसलाय. त्याला कुणीतरी समजवा.

पिठलंप्रेमी
पहिला नंबर माझा. पक्याला समजावू नका, पक्याचं ऐका. साडेचार हजार मीटरवर पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. बुडबुडे येतात, वाफ येते, सगळं रीतसर होतं, फक्त डाळ शिजत नाही. मी एकदा दोन तास तूरडाळ उकळून शेवटी ती चावून खाल्लीय. त्याच भागातल्या पुग्याला गरम झरे आहेत, त्यांचं तापमान ८४ अंशांपर्यंत जातं. म्हणजे तिथे निसर्गच पाणी उकळून देतो, आणि त्यातही तुमचा भात कच्चाच राहील. कुकर न्या, नाहीतर मेतकूट, सातूचं पीठ, पोहे आणि उपम्याचा भाजलेला रवा यांवर आठवडा काढा. हरभराडाळ आणि राजमा नावालाही नको.

घोडे नसतील तर मात्र कुकर पक्याच्याच सॅकमध्ये.

कुरकुर्या
आणखी चार जण निघाले लडाखचा उकिरडा करायला. रील टाकायची असेल तर ताम्हिणी काय वाईट आहे?

कातळकडा
कुरकुर्या, रील टाकणार नाही. कचरा परत आणतो, सह्याद्रीतही आणतो. विषयावर बोलूया.

निम्मा_डॉक्टर
सामानाच्या याद्या नंतर. आधी ते ९ दिवसांचं बघू, कारण मला तेवढीच ओळ दिसतेय.

लेह साधारण ३५०० मीटरवर आहे. पुण्याहून निघून तुम्ही दुपारच्या आत तिथे उतरणार, म्हणजे शरीराला काही कळायच्या आत जवळजवळ तीन हजार मीटर वर. रुमत्से त्याहून सहाएकशे मीटर उंच. पुढे सगळाच मुक्काम साडेचार हजारांच्या आसपास किंवा वर, आणि शेवटची खिंड, यालुंग न्याऊ ला, साडेपाच हजारांच्या जवळ जाते. साडेचार हजारांवर प्रत्येक श्वासात समुद्रसपाटीच्या तुलनेत साठ टक्क्यांहून कमी प्राणवायू मिळतो. तीन हजारांच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, हा साधा नियम. तुमच्या आराखड्यात तो पहिल्याच दिवशी मोडतो आणि मग रोज मोडत राहतो.

तुमच्या दमाचा याच्याशी फारसा संबंध नाही. दमदार माणूस उलट भरभर चढतो आणि लवकर आडवा होतो. उंचीचा त्रास टाळायला डायमॉक्सची गोळी घेतात, नेहमीची मात्रा १२५ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, चढायच्या आदल्या दिवसापासून. पण ज्यांना सल्फाची ॲलर्जी आहे त्यांचं प्रकरण वेगळं, म्हणून आपल्या डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. बोटांना मुंग्या येतात, लघवीला सारखं जावं लागतं, सोडा पाण्याची चव बिघडते. घाबरू नका. आणि ती गोळी म्हणजे वर जायचा परवाना नव्हे.

डोकेदुखी आणि मळमळ असेल तर त्याच उंचीवर थांबा. सरळ रेषेत टाचेला चवडा लावून चालता येत नसेल, माणूस बरळत असेल, किंवा बसल्याजागी धाप लागून खोकला येत असेल, तर रात्र असो की पाऊस, खाली उतरा.

लेहवारी
डॉक्टरांच्या शेवटच्या शब्दांवर मला लिहायचंय. “खाली उतरा”. पण खाली कुठे?

मी या पट्ट्यात चारदा गेलेय, त्यातला एकदा हाच रस्ता पायी. आपल्या डोक्यात डोंगर म्हणजे वर माथा आणि खाली गाव. गडावर कुणाला बरं वाटेनासं झालं की दोन तासांत पायथ्याची वाडी, वाडीत कुणाची तरी जीप. चांगथांग तसा नाही. ते पठार आहे, आणि पठाराला चारही बाजूंनी खिंडींचं कुंपण. रुमत्सेहून पहिला मुक्काम क्यामार. तिथपर्यंत ठीक, कारण मागे उतार आहे, अर्ध्या दिवसात परत रस्त्याला लागता येतं. क्यामारच्या पुढच्या दिवशी एका मागोमाग दोन खिंडी चढून तिसालिंगला पोचता. आता तिसालिंगला रात्री बारा वाजता एकाला उलट्या सुरू झाल्या असं समजा. मागे जायचं तर पुन्हा त्या दोन खिंडी. पुढे जायचं तर तिसरी खिंड, मग त्सो कार. त्सो कारही साडेचार हजारांवरच. तिथे गाडी मिळाली तरी लेहला यायचं तर तागलांग ला ही खिंड, ५३२८ मीटर. दुसऱ्या बाजूने पोलोकोंगका ला ओलांडून पुगा-माहेमार्गे सिंधूच्या काठाला. म्हणजे खाली जायला आधी वर चढावं लागतं. आजारी माणसाला घेऊन.

म्हणून या वाटेवर निर्णय घ्यायची जागा एकच : क्यामार. तिथे एक दिवस जास्तीचा बसा. ज्याचं डोकं दुसऱ्या दिवशी सकाळीही दुखतंय तो पुढे येत नाही. हे पुण्यात, जमिनीवर असताना, चौघांनी एकमेकांना शब्द देऊन ठरवा. तिथे गेल्यावर प्रत्येक जण “मला काही नाही झालं” असंच म्हणतो.

आणि घोडे घ्या. स्वाभिमानाचा प्रश्न करू नका. माणूस चालू शकला नाही तर त्याला बसवायला दुसरं काही नाही तिथे.

निवृत्त_हवालदार
जय हिंद. सातारा जिल्हा. लडाखात दोन वेळा पोस्टिंग झाली.

फौजेत नवीन आलेल्या जवानाला थेट वर पाठवत नाहीत. ९ ते १२ हजार फुटांसाठी सहा दिवस. त्यातले पहिले दोन दिवस नुसता आराम, अंथरुणातून उठून जेवायला जायचं एवढंच. मग १२ ते १५ हजारांसाठी चार दिवस, आणि १५ हजारांच्या वर आणखी चार. सहा अधिक चार अधिक चार, चौदा दिवस. वय वीस-बावीस, रोज पहाटे पळणारी पोरं. तुम्ही ९ दिवसांत पुण्याहून जाऊन साडेसतरा हजार फुटांच्या वरची खिंड मारून परत येणार म्हणताय. विचार करा.

बाकी तंबूबद्दल. सकाळी हवा शांत असते. दुपारी एक-दोननंतर वारा सुटतो तो अंधार पडेपर्यंत. मुक्कामी दुपारच्या आत पोचा आणि वाऱ्याच्या आधी तंबू उभा करा. दार वाऱ्याकडे नको. जमीन कुठे दगडासारखी, कुठे भुसभुशीत, खुंट्या धरत नाहीत. दोर मोठ्या धोंड्यांना बांधायचा. धोंडे नसतील तर पिशवीत वाळू भरून, दोर बांधून ती पिशवी हातभर पुरायची. हलत नाही.

कातळकडा
काका, ताई, डॉक्टर, खरंच धन्यवाद. थोडा खजील झालोय. तिघांशी बोलतो. रजेचा प्रश्न आहे.

पण पावसाळी तंबूचं कुणी सांगितलं नाही अजून. आणि पाणी?

मस्कतचा_मामा
लडाखबद्दल वरचे लोक बोललेत, मी वाळवंटाबद्दल बोलतो. ओमानमध्ये आहे, सव्वीस वर्षं झाली. थंडीच्या दिवसांत दर महिन्याला एक रात्र बाहेर. कधी वाहिबाच्या वाळूत, कधी जबल शम्सवर तीन हजार मीटरच्या खाली कुठेतरी कड्याच्या टोकाला. जबल अख्दरला तर खाली पोलीस चौकीच आहे, फोर बाय फोर नसेल तर वर सोडत नाहीत. वाळूत शिरायच्या आधी टायरमधली हवा पंधरा-अठरा पीएसआयपर्यंत उतरवायची, ही आमची पहिली बाराखडी. तुम्हाला उपयोग नाही, असंच आपलं.

उपयोगाची गोष्ट पुढे. ओला देश आणि कोरडा देश यांत पाण्याचं भय उलटं असतं. कोकणात पाऊस डोक्यावर पडतो तेव्हा कळतं. वाळवंटात पाऊस दुसरीकडेच पडतो आणि पाणी तुमच्याकडे येतं. आमच्याकडे कोरड्या नदीपात्राला वादी म्हणतात. सपाट, बारीक खडी, दोन्ही बाजूंना आडोसा, बाभळीची सावली. तंबूला याहून चांगली जागा डोळ्यांना दिसणार नाही. पहिल्या वर्षी आम्ही तीन कुटुंबं तिथेच उतरलो. आकाश स्वच्छ, चांदणं. मागे लांब डोंगरात कुठेतरी चमकत होतं, आम्ही मुलांना “बघा बघा” म्हणून दाखवत होतो. शेळ्या घेऊन जाणारा एक म्हातारा थांबला. आम्हाला अरबी येईना, त्याला हिंदी येईना. त्याने काठीने पात्राच्या भिंतीवर एक रेघ दाखवली, छातीएवढ्या उंचीवर, वाळलेला पाला अडकलेला होता तिथे. मग काठी आमच्या तंबूवर टेकवली. समजलं. कुरकुरत सगळं वर हलवलं. पहाटे तीनला मालगाडी आल्यासारखा आवाज झाला. सकाळी आमच्या चुलीचे दगडसुद्धा जागेवर नव्हते.

इथे भरलेली वादी गाडीने ओलांडणं गुन्हा आहे, दंड आणि तुरुंग दोन्ही. तरी २०२४च्या एप्रिलमध्ये शाळकरी मुलांची गाडी वाहून गेली. लडाखातही पालापाचोळ्याची रेघ बघा. झाडं नसतील तिथे गाळाची रेघ बघा.

लेहवारी
मामा, अगदी. लडाखात वर्षाला साधारण शंभर मिलिमीटर पाऊस. तेवढा महाबळेश्वरला जुलैतल्या एखाद्या दिवसात पडतो. म्हणूनच तिथल्या डोंगरांना गवताचं मूळ नाही आणि माती धरून ठेवायला काही नाही. ५ ऑगस्ट २०१०च्या मध्यरात्री लेहमध्ये ढगफुटी झाली तेव्हा चोगलमसरसारखी वस्ती चिखलाच्या लोंढ्यात गेली. दोनशेच्या वर माणसं दगावली. तेव्हा कोरड्या नाळेच्या तोंडाशी, जिथे दगडगोट्यांचा पंखा पसरलेला दिसतो, तिथे तंबू नको.

ओढे ओलांडायचे ते सकाळी. वरचं बर्फ ऊन चढल्यावर वितळतं आणि सकाळी पोटरीएवढा असलेला ओढा दुपारी मांडीला लागतो. बुटाच्या आत पाणी गेलं तर ते रात्री गोठतं, म्हणून पाण्यात उतरायला सँडल वेगळ्या.

पावसाळी तंबूचं : चालेल, पण बाहेरचं कापड जमिनीपर्यंत आलेलं हवं. आपल्याकडचे हवेशीर तंबू तिथे रात्री गाळणीसारखे वागतात, आतून बारीक धूळ येते आणि सकाळी बॅगेवर चहा पावडरीसारखी बसलेली असते. सप्टेंबरच्या तोंडावर रात्री पारा शून्याखाली जातो. थंडी वरून कमी, जमिनीतून जास्त लागते. एका कॅरीमॅटने भागत नाही, एकावर एक दोन टाका. गरम पाणी भरलेली बाटली मोज्यात घालून पायाशी घ्या. सकाळी तेच पाणी प्या, निदान ते गोठलेलं नसतं. मोबाईल, पॉवर बँक, पाण्याचा फिल्टर, तिन्ही झोपायच्या पिशवीत बरोबर घ्या. फिल्टर एकदा आतून गोठला की त्याची गाळणी तडकते, आणि बाहेरून काही दिसत नाही.

पाण्याचं : रोज चार लिटर प्यायचं पकडा. वाटेत ओढे आहेत, पण त्सो कार खारा आहे. चांगपा लोक (तिथले भटके पशुपालक) त्यातलं मीठ गोळा करून विकायचे. त्याला लागून स्टार्टसापुक नावाचं छोटं तळं आहे, ते गोडं. नकाशावर दोन्ही निळीच दिसतात.

निम्मा_डॉक्टर
चष्म्याचं राहिलं. बाजूनेही झाकणारा गडद चष्मा, माणशी एक, आणि चौघांत एक जास्तीचा. कोरडा खोकला सगळ्यांनाच होतो, हवेमुळे. तो आणि बसल्याजागी धाप लागणारा खोकला यांत गल्लत नको. रात्री झोप तुटते, मध्येच श्वास थांबून दचकून जाग येते. त्या उंचीवर हे पुष्कळांना होतं. झोपेची गोळी घेऊ नका, “थंडीसाठी” दोन पेग तर नाहीच.

मस्कतचा_मामा
एक सुचवू का? आमच्यातले बरेच जण सॅटेलाइटवरून निरोप पाठवणारं यंत्र बाळगतात. तळहाताएवढं असतं. मी पुण्याला येतोय गणपतीआधी, हवं तर घेऊन येतो.

लेहवारी
मामा, नका आणू! भारतात परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणं बेकायदा आहे, आणि निरोप पाठवणारी छोटी यंत्रंही त्यातच मोडतात. गोव्याच्या विमानतळावर परदेशी पाहुण्यांना यावरून अडकवलंय. लडाख तर सीमेचा भाग, विचारूच नका. बाहेरची प्रीपेड सिमंही तिथे चालत नाहीत, पोस्टपेड न्यावं लागतं. आणि पोस्टपेड असलं तरी रुमत्सेनंतर फोन म्हणजे टॉर्च आणि कॅमेरा. लेहमधल्या कुणाला तरी लिहून द्या : अमुक तारखेपर्यंत कोरझोकहून फोन आला नाही तर गाडी पाठवा.

पिठलंप्रेमी
स्टोव्हचं मी सांगतो. गॅसचे डबे विमानात चालत नाहीत, रिकामा असेल तरी काढून घेतात. लेहच्या बाजारात मिळतात, पण मिश्रण कोणतं ते वाचून घ्या. नुसतं ब्युटेन शून्याच्या आसपास वायूच होत नाही, पहाटे चहाला डबा हलवत बसाल. प्रोपेन मिसळलेलं घ्या. डबाही रात्री पांघरुणात. (लेहवारीताईंच्या यादीत आता मोबाईल, पॉवर बँक, फिल्टर, बाटली आणि गॅसचा डबा झाला. माणूस कुठे झोपणार?)

चिंगी_७७
जरा अवघड प्रश्न विचारते, रागावू नका कुणी. मी आणि दोन मैत्रिणी पुढच्या वर्षी असंच जायचं म्हणतोय. झुडूप नाही, झाड नाही. प्रातर्विधीचं आणि पाळीचं काय करता?

लेहवारी
चिंगी, अवघड कसला, हाच खरा प्रश्न. पुरुष मंडळी विचारत नाहीत म्हणून धाग्यात आला नव्हता.

आडोसा म्हणजे छत्री किंवा मोठी ओढणी. लाज दोन दिवसांत सुटते. रात्रीसाठी रुंद तोंडाची वेगळी बाटली, बाहेरून ओळखू येईल अशी खूण करून. (खूण विसरू नका.) पाण्यापासून सत्तर-ऐंशी पावलं दूर, वीतभर खड्डा. पण आपल्या मातीत जे पावसाळ्यात जिरतं ते तिथे जिरत नाही. थंड, कोरडं, जंतूंना काम करायला ओल नाही. लडाखी घरांत छागरा नावाचा कोरडा संडास असतो, वरच्या मजल्यावर भोक आणि खाली खोली, दर वेळी माती आणि राख टाकायची, वसंतात ते खत म्हणून शेतात. तिथल्या लोकांनी पाणीच काढून टाकलंय त्या हिशोबातून. आपण निदान कागद आणि पॅड तरी पुरायचे नाहीत. आत काळी पिशवी, बाहेर घट्ट झाकणाचा डबा, थोडा खाण्याचा सोडा. परत लेहला. कप वापरत असाल तर उकळलेलं पाणी वेगळं ठेवा, तेवढं पाणी मिळतं.

कुरकुर्या
हे पहिल्यांदा कुणीतरी उघड लिहिलं. ताई, टोपी काढली.

आता माझीही एक गोष्ट. शेकोटी नको. तिथे बुर्त्से नावाचं बुटकं झुडूप असतं, हातभरही उंच नाही. पर्यटक गंमत म्हणून उपटून जाळतात. त्याला तेवढं व्हायला कितीतरी वर्षं लागतात. चांगपा लोक ते आणि शेण यांवर हिवाळा काढतात. तुमच्या दोन गाण्यांसाठी त्यांचं सरपण जाळू नका. आणि कियांग दिसले की त्यांच्यामागे पळू नका, ती रानगाढवं आहेत, शर्यतीचे घोडे नाहीत. उरलेलं अन्न टाकू नका. त्यावर मोकाट कुत्री वाढतात आणि मग ती काळ्या मानेच्या क्रौंचांची पिल्लं खातात. त्सो मोरीरीच्या अगदी काठावर तंबू लावायला मनाई आहे, ती यासाठीच. ते तळं २००२पासून रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांची जागतिक यादी) आहे, त्सो कार २०२०पासून.

हे लिहिताना माझा सूर नीट होता असं मला वाटतं.

निवृत्त_हवालदार
कुरकुर्या साहेब बरोबर बोलले. कुत्र्यांचं खरं आहे, टोळीने येतात. रात्री चपला-बूट तंबूच्या आत.

कातळकडा
अपडेट : रजा मिळाली, १६ दिवस. चौथा मित्र बायकोची समजूत काढून आला. लेहला तीन रात्री, मध्ये मिरूला एक, रुमत्सेला एक, क्यामारला दोन. चार घोडे आणि घोडेवाला ठरवलाय. लेहवारीताईंनी सांगितलं तसा शब्द चौघांनी दिला, पक्याने तर कागदावर सही घेतली सगळ्यांची. घोडे आहेत म्हटल्यावर कुकरही येतोय. आल्यावर लिहितो.

(सहा आठवड्यांनी)

कातळकडा
मंडळी, परत आलो. वृत्तांत लिहायचा म्हणतोय पण माझा वृत्तांत अर्धाच आहे, कारण मी अर्धंच बघितलं.

लेहच्या तीन रात्री चौघंही ठणठणीत. मिरूला ठीक. रुमत्सेला पक्याला जेवण जाईना, प्रवासामुळे असेल म्हणाला. क्यामारला पोचलो तेव्हा कपाळ धरून बसला. डोंगर बघून नाही हं, खरंच. पहिली रात्र तशीच काढली. दुसऱ्या दिवशी नियमाप्रमाणे बसून राहिलो, पाणी पाजलं, पेज दिली. संध्याकाळी म्हणाला बरं वाटतंय. आणि मला ते खरं वाटावंसं वाटत होतं. हवा इतकी सुंदर होती की काय सांगू. सकाळी सहाला घोडेवाल्याने (आम्ही त्याला आचो म्हणायचो, तिकडे मोठ्या भावाला म्हणतात) तंबूत डोकं घातलं, पक्याकडे एकदा बघितलं आणि घोड्यांवर सामान चढवायचं थांबवलं. बोलला काहीच नाही. मी पक्याला बाहेर काढून टाचेला चवडा लावून चालायला सांगितलं. चालला नीट. पण थांबला आणि उलटी झाली.

तेव्हा पक्या म्हणाला, “आता खिंड चढलो की पुढे उतारच आहे ना, चल, निघू.” मला या धाग्यातलं ते आठवलं. पुढे उतार नाही. पुढे दोन खिंडी आणि त्यानंतरचा मुक्काम आणखी उंच. मी सही केलेला कागद काढला. पक्या मला जे बोलला ते इथे लिहिता येणार नाही.

कुणी एकाने बरोबर जायचं होतं. चिठ्ठ्या टाकणार होतो, पण टाकल्या नाहीत. शाळेपासूनचा मित्र, मीच निघालो. आचोने एक घोडा आणि आपला पुतण्या दिला. पक्या सुरुवातीला घोड्यावर बसायला तयार नव्हता, अर्ध्या तासाने स्वतःच बसला. दुपारी रुमत्से, रात्री लेह. लेहच्या डॉक्टरांनी तपासलं, दोन दिवसांत पठ्ठ्या बाजारात जर्दाळू घासाघीस करून विकत घेत होता. मला मात्र दोन दिवस त्याचं तोंड बघायची इच्छा नव्हती. खोटं कशाला बोलू, राग आला होता. पंधरा वर्षांत पहिल्यांदा रजा एवढी मिळाली होती.

बाकीचे दोघं कोरझोकला व्यवस्थित पोचले. त्यांचा वृत्तांत ते स्वतंत्र धाग्यात लिहितील असं म्हणतायत, म्हणजे लिहिणार नाहीत. ऐकलेलं सांगतो. त्सो कारच्या मैदानात वारा असा होता की वाळूच्या पिशव्या पुरल्या नसत्या तर तंबू गेलाच होता (हवालदार काका!). चांगपांचा एक तळ लागला, याकच्या लोकरीचे काळे तंबू, तिथे लोण्याचा खारा चहा मिळाला. एकाला आवडला, एकाने आवडल्याचं नाटक केलं. नुरुचन या पुढच्या मुक्कामाच्या आधीचा ओढा उशिरा पोचल्यामुळे ओलांडता आला नाही, अलीकडेच मुक्काम करावा लागला. आचो पाणी कुठलं भरायचं ते घोडे कुठे तोंड लावतात त्यावरून ठरवायचा.

मी काय शिकलो वगैरे लिहीत नाही. पुढच्या वर्षी जाणार आहे. पक्यालाही यायचंय, पण या खेपेला तो लेहला आठवडाभर आधी जाऊन बसणार म्हणतो.

निम्मा_डॉक्टर
तपासणीत रक्तातला ऑक्सिजन किती टक्के होता?

कातळकडा
डॉक्टर, लेहला मोजला तेव्हा ८१ होता. माझा ८९.

निम्मा_डॉक्टर
उतरलात ते उत्तम केलंत. दोघांनाही शाबासकी, पक्याला जरा जास्त, तो घोड्यावर बसला म्हणून.

लेहवारी
आणि त्या आचोला.

पिठलंप्रेमी
सगळं वाचलं, डोळे पाणावले, वगैरे. पण मुद्द्याचं कुणी बोलतच नाहीये. कुकर?

कातळकडा
कुकर बल्लवाचार्याशिवाय पुढे गेला. त्सो कारला पहिल्यांदा तूरडाळ लावली. शिट्टी झाली तेव्हा लांब चरत असलेले कियांग माना वर करून बघत राहिले म्हणे. डाळ शिजली, मऊसूत. दुसऱ्या दिवशी आवरताना कुकर आणि झाकण सापडलं, शिट्टी नाही. वाऱ्यात तासभर शोधली. पुढे कोरझोकपर्यंत मॅगी.

कुरकुर्या
म्हणजे कचरा टाकलातच.